‘मीटिंग ढकलणारा माणूस धंद्याच्या लायकीचा नाही’ : उदगीरच्या दादांना उत्तर

दादा, तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली, सकाळी परत वाचली, आणि दोन ओळींत उत्तर देऊन भागणार नाही असं वाटलं म्हणून जरा सविस्तर लिहितोय. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. मागच्या वेळी मी लिहिलं होतं की क्लायंटसोबतची मीटिंग ऐनवेळी पुढं ढकलायची झाली तर लगेच व्हॉट्सअ‍ॅप टाका, कारण थोडक्यात सांगा आणि दोन दुसऱ्या वेळा द्या. दादांचं म्हणणं, हे पुण्यामुंबईला चालत असेल, आपल्याकडं मेसेज टाकला की गिऱ्हाईक तुटतं. वर ‘थोडक्यात कारण’ म्हणजे लोकांना थाप मारायला शिकवणं, आणि वेळ आपण द्यायची नसते, शेठला विचारायची असते. आणि शेवटी ते शीर्षकातलं वाक्य, ते जरा लागलंच.

मेसेजचं मान्य. पूर्ण मान्य, कारण त्यात मी स्वतः पोळलोय आणि तरी लिहिताना ‘व्हॉट्सअ‍ॅप टाका’ असं लिहून मोकळा झालो. नांदेडचे एक शेठ होते, त्यांना आमच्याकडं संभाजीनगरला काटा बघायला यायचं होतं. माझं काम वजनकाट्यांचं, डाळमिल, ऑइलमिल, जिनिंग अशांना इलेक्ट्रॉनिक काटे आणि वे-ब्रिज (भरलेली गाडीच तोलणारे मोठे काटे) बसवून देणं आणि बंद पडले की पळत जाणं. त्या दिवशी जालन्याला एक वे-ब्रिज बंद पडला, दुसऱ्या दिवशी पहाटेच निघायचं ठरलं, आणि मी रात्री साडेदहाला शेठला छान नमस्कार वगैरे घालून मेसेज टाकला. एक टिक आली. दुसरी आलीच नाही. मी झोपलो! सकाळी सहाला फोन, “बाबा पंपावर उतरलोय, दुकानावर कधी येऊ?” (बाबा पंप म्हणजे आमच्याकडचा ट्रॅव्हल्सचा थांबा.) रात्रभर ट्रॅव्हल्समध्ये बॅटरी जपायची म्हणून माणसानं फोन बंद ठेवलेला. २५० किमीच्या वर प्रवास करून आलेला माणूस. घरी आणलं, आंघोळीला पाणी काढून दिलं, पोहे खाऊ घातले, आणि नऊच्या गाडीत परत बसवून दिलं. चिडले असते तर बरं वाटलं असतं, ते नुसते “असू द्या, असू द्या” म्हणत होते. त्यानंतर त्यांचा फोन आला नाही आणि मीही करायला धजलो नाही.

म्हणून आता मी आधी फोनच करतो, आणि समोरच्याच्या मीटिंगची वेळ बघत नाही, तो घरातून किती वाजता निघणार ते बघतो. लातूरचा माणूस ११ च्या मीटिंगला पहाटे पाचला गाडी काढतो, म्हणजे त्याला सकाळी आठला कळवणं हे कळवणं नाहीच, तोपर्यंत तो बीडच्या पुढं आलेला असतो. पुण्यात दोन तास आधी सांगितलं तरी चालून जात असेल, आपल्याकडं आदल्या दिवशी दिवेलागणीच्या आत सांगितलं तरच उपयोग. पण फोन झाल्यावर मेसेज टाकायचाच, इथं मी मागं हटत नाही, कारण फोनवर ‘गुरुवारी’ म्हणालो की ‘शुक्रवारी’ यावर नंतर वाद होतात. मी साधारण असं लिहितो: “नमस्कार शेठ, आत्ता बोललो तसं, उद्या ११ चं जमणार नाही, जालन्याला काटा बंद पडलाय आणि गाड्या उभ्या आहेत. गुरुवारी ११ ला किंवा शुक्रवारी ४ नंतर. तुमची फेरी वाचावी म्हणून मीच तिकडं येतो. तसदीबद्दल माफी.” बस. पाच ओळी माफी लिहिली की समोरच्याला वाटतं नक्कीच काहीतरी लपवायलाय.

आता थाप. दादा, मी उलट सांगत होतो हो. थोडक्यात म्हणजे खोटं नव्हे, आणि मोघम तर त्याहून नव्हे. मोघमचा किस्सा सांगतो. एकदा एका मिलवाल्यांना नुसतं म्हणालो, “घरी जरा अडचण आलीय, उद्याचं राहू द्या.” पलीकडं एकदम शांतता, आणि मग हळू आवाजात, “कोण गेलं हो?” कोणी गेलं नव्हतं, मुलीच्या शाळेत बोलावलं होतं! तेवढं सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं, पण नाही, आपल्याला वाटतं शाळेचं कारण हलकं दिसेल. आपल्याकडं ‘अडचण’ म्हणलं की माणूस दुखवट्याची तयारी करतो.

दुसऱ्या क्लायंटचं काम आलं हे सांगणं अपमान आहे असंही तुम्ही लिहिलंय. इथं फरक आहे. ‘दुसरी मीटिंग आली’ हे मी कधीच सांगत नाही, तो अपमानच आहे. पण काटा बंद पडलाय हे सांगितलं की मिलवाला लगेच समजतो, कारण उद्या तीच वेळ त्याच्यावर येणार असते. सोयाबीनच्या सीझनला, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, जंक्शन बॉक्समध्ये (काट्याच्या तारा जिथं जोडलेल्या असतात त्या डब्यात) पाणी गेलं, काटा शून्यावर येईना, की बाहेर गाड्यांची रांग लागते आणि ड्रायव्हर शिव्या द्यायला लागतात. दुरुस्तीत सील तुटलं की वजनमापेवाल्यांचा शिक्का परत लागतो, त्याशिवाय वजन करता येत नाही, आणि साहेबांची तारीख माझ्या हातात नसते, ते ज्या दिवशी येतील त्या दिवशी मला तिथं उभं राहावं लागतं. आता यात माझ्या लायकीचा कुठं संबंध आला? महिन्यात चारदा ढकलत असेन तर बोला.

वेळ शेठला विचारावी, हे मात्र पटलं नाही. “तुम्हीच सांगा कधी येऊ” म्हणलं की उत्तर येतं “बघू”, आणि आपल्याकडच्या ‘बघू’चा अर्थ तुम्हालाही माहितीय. ज्यानं मोडलं त्यानंच दोन वेळा पुढं करायच्या, त्यातली एक घेणं किंवा दोन्ही नाकारणं त्याच्या हातात.

त्यातही मी चुकतो बरं का. लातूरच्या एका शेठला डिसेंबर २०२४ मध्ये मोठ्या थाटात दोन तारखा दिल्या, शनिवार २८ नाहीतर सोमवार ३०. शनिवारी त्यांच्याकडं लग्न होतं, आणि सोमवार ऐकून ते हसायलाच लागले. “सोमवारी येळवस आहे हो, मिलमध्ये कुत्रंबी सापडणार नाही. या तुम्ही, पण शेतात या.” येळवस म्हणजे वेळ अमावस्या, लातूरकडं त्या दिवशी सगळे शेतात जेवायला जातात. मी संभाजीनगरचा, आमच्याकडं येळवशीचं काही नसतं, कॅलेंडरवर ‘अमावस्या’ एवढंच दिसलेलं. गेलो. सगळं लातूर रिकामं आणि शिवार भरलेलं, कडब्याची कोप म्हणजे खोपटं, आंबिलाचा बिंदगा म्हणजे भांडं, भज्जी (भजी नव्हे, हिरव्या दाण्यांची मिसळीची भाजी) आणि बाजरीचे उंडे. शेठ स्वतः वाढत होते. काट्याचा विषय मी दोनदा काढला, दोन्ही वेळा त्यांनी पानात आणखी भज्जी टाकली. मीटिंग शेवटी २ जानेवारीला झाली.

मागच्या वेळची ‘व्हॉट्सअ‍ॅप टाका’ ही ओळ आजच बदलून ‘आधी फोन करा’ अशी करतो, दादा. बाकी आहे तसं ठेवतोय.