२५२० रामानुजनांनी ‘शोधली’ नाही

२५२० ही म्हणे जगातली एकमेव संख्या, जिला १ ते १० सगळ्यांनी भाग जातो. रामानुजनांनी शोधेपर्यंत ती म्हणे कुणालाच सापडली नव्हती. आणि ती ७ × ३० × १२, म्हणजे वार, दिवस आणि महिने यांचा गुणाकार! गणित दिन आला की हा फॉरवर्ड फिरतो. यंदा तो नाशिकरोडला माझ्या भाचीच्या शाळेच्या तक्त्यावर स्केचपेनने उतरला. ती सहावीत आहे, लसावि शिकलीय, तरी हे खरं मानून बसलीय. म्हणून लिहितोय.

‘एकमेव’ तर नाहीच. ५०४० घ्या, ७५६० घ्या, २५२० ची कुठलीही पट घ्या. अशा संख्यांत २५२० सगळ्यांत लहान आहे, एवढं खरं.

पण ती काढायला लागतं काय? ८ मध्ये तीन २ आले, ९ मध्ये दोन ३, राहिले ५ आणि ७. ८ × ९ × ५ × ७ = २५२०. झालं. १ ते २० साठी हवी? १६ × ९ × ५ × ७ × ११ × १३ × १७ × १९ = २३,२७,९२,५६०. लसाविची ही रीत ग्रीक गणिती युक्लिडच्या ‘एलिमेंट्स’ ग्रंथाच्या सातव्या खंडात आहे. ५०४० ला १ ते १० ने भाग जातो हे प्लेटोने लिहून ठेवलंय, रामानुजनांच्या दोन हजारांहून जास्त वर्षं आधी.

मला खरा राग येतो तो यात रामानुजनांचं नाव वापरल्याचा. १९१५ साली लंडन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात त्यांचा निबंध आला. विषय असा, की आपल्याहून लहान प्रत्येक संख्येपेक्षा जास्त विभाजक असलेल्या संख्यांची घडण कशी असते. निबंधात अशा संख्यांची यादी आहे; २५२० तिच्यात आहे, विभाजक ४८. फॉरवर्डमधलं अर्धसत्य ते एवढंच. यादी जाते ६७,४६,३२,८३,८८,८०० पर्यंत, त्या संख्येला १०,०८० विभाजक! अशा संख्येचे मूळ अवयव पाडले की शेवटच्या, म्हणजे सगळ्यांत मोठ्या मूळ अवयवाचा घातांक १ च असतो, अपवाद फक्त ४ आणि ३६, हे त्यांनी सिद्ध केलं. हे काम झाकून सहावीचा लसावि त्यांच्या नावावर खपवायचा, याला गौरव कसं म्हणायचं? आणि जे गणित पोरीला स्वतःला येतं, तेच तिला दैवी वाटायला लागतं.

वार-महिन्यांचा गुणाकार बरोबर आहे, अर्थ काही नाही. चांद्रवर्ष ३५४ दिवसांचं असतं, ३६० चं नाही. सौरवर्षापेक्षा ते सुमारे अकरा दिवसांनी कमी पडतं, म्हणून तर अधिक महिना येतो.

मुलांना नवल दाखवायचंच तर देवळालीत शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांचा ६१७४ दाखवा. ३५२४ चे अंक उतरते आणि चढते मांडून वजा करा: ५४३२ − २३४५ = ३०८७. पुन्हा ८७३० − ०३७८ = ८३५२. पुन्हा ८५३२ − २३५८ = ६१७४. चारही अंक सारखे नसलेली कुठलीही चार अंकी संख्या घ्या (मध्येच उत्तर तीन अंकी आलं तर पुढे ० लिहा), फार तर सात वजाबाक्यांत इथेच पोचते.