छातीतलं पाणी, खिडकीतला एक्स-रे आणि मावशीचा मेसेज

मावशीचा फोन सकाळी सातच्या आत आला की समजायचं, काहीतरी बिनसलंय. "अगं, त्याला सुई टोचायची म्हणतायत. मी नाही म्हणून सांगितलंय."

तो म्हणजे तिचा नातू, माझा भाचा. वय २२, राहतो बार्शीला. तीन आठवडे संध्याकाळची कणकण, उजव्या कुशीत श्वास घेताना कळ, आणि एक्स-रे काढल्यावर डॉक्टर म्हणाले, छातीत पाणी झालंय. सुईला नकार कुणाच्या सल्ल्याने? एका व्हॉट्सॲप मेसेजच्या. तो तिने मलाही पाठवला, वर "तू डॉक्टर आहेस, पण हे वाच" अशी टीप. मी गेली १७ वर्षं एक्स-रे वाचण्याचंच काम करते. तरी वाचलं.

मेसेजचा सारांश असा. एक, एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरा, फुफ्फुसात जिथे पांढरं दिसेल तिथे पाणी आहे. दोन, एक्स-रे स्वच्छ असेल तर पाणी नाहीच, सोनोग्राफी सांगणारा डॉक्टर कट खातो. तीन, हे पाणी जास्त पाणी प्यायल्याने साठतं, म्हणून पिणं निम्म्यावर आणा. चार, सुई लावू देऊ नका, एकदा पाणी काढलं की जन्मभर काढावं लागतं. पाच, पुनर्नवा, गोखरू आणि शेवग्याच्या सालीचा काढा ४० दिवस घ्या, पाणी मुळापासून जातं, टीबीच्या गोळ्यांनी लिव्हर खराब करून घेऊ नका. शेवटी हात जोडलेले तीन इमोजी.

आधी चित्राबद्दल. सोबत एक एक्स-रे आहे आणि त्यावर लाल गोल काढून "हे पाणी" असं लिहिलंय. तो गोल हृदयाभोवती आहे. हृदय पांढरंच दिसतं. तुमचं, माझं, मेसेज लिहिणाऱ्याचंही. शिवाय फोटो आरशातल्यासारखा उलटा आहे. एक्स-रे बघताना पेशंट आपल्यासमोर उभा आहे असं धरतात, त्यामुळे त्याची डावी बाजू आपल्या उजवीकडे येते. जठरातल्या हवेचा काळा बुडबुडा पेशंटच्या डाव्या बाजूला असायला हवा, इथे तो उजव्या बाजूला आहे. आता सगळे अवयव उलट बाजूला असलेली माणसं असतात, मीही पाहिली आहेत. पण म्हणून फिल्मवरचं 'आर' (राइट, म्हणजे उजवी बाजू) हे अक्षर उलटं छापून येत नाही.

पाणी एक्स-रेवर पांढरं दिसतं, एवढं खरं. पण रक्त, पू, न्यूमोनियाचा भाग, गाठ, आक्रसलेलं फुफ्फुस हे सगळं तसंच दिसतं. काळी दिसते ती हवा. म्हणजे पांढरं दिसलं याचा अर्थ एवढाच, की इथे हवा असायला हवी होती आणि ती नाही. का नाही, ते त्या पांढऱ्याचा आकार आणि जागा सांगते.

भाच्याचाच एक्स-रे घ्या. उभं राहून काढलेला. दोन्ही बाजूंना तळाशी, बरगड्या आणि श्वासपटल जिथे भेटतात तिथे, एक टोकदार कोन दिसायला हवा, भाकरीच्या चतकोराच्या टोकासारखा. त्याच्या डाव्या बाजूला तो आहे. उजवीकडे कोन भरून गेलाय, आणि पांढरं आतून बाहेरच्या कडेकडे वर चढत गेलंय. ग्लासातलं पाणी काचेला लागून किंचित वर चढतं, तशी ती रेघ. आमच्याकडे याला 'सीपी अँगल ब्लंट' म्हणतात आणि शिकाऊ मुलंही पहिल्या महिन्यात ते शोधायला शिकतात.

पण एक अख्खी बाजू पांढरी असेल तर? तेव्हा मी आधी श्वासनलिका बघते. पाणी असेल तर ती विरुद्ध बाजूला ढकललेली असते, फुफ्फुस आक्रसलं असेल तर त्याच बाजूला ओढलेली. पांढरा रंग दोन्हीकडे तोच, उपचार मात्र पूर्ण वेगळे. कधी पाणी फुफ्फुसाच्या दोन कप्प्यांमधल्या फटीत अडकतं आणि गोल गाठीसारखं दिसतं. कॅन्सर समजून घरचे हादरतात, आणि लघवीच्या गोळ्यांनी ती 'गाठ' आठवड्यात गायब होते. हे खिडकीतून कसं ओळखणार?

मेसेजने आणखी एक गोंधळ घातलाय. आपण सगळ्यालाच 'फुफ्फुसात पाणी' म्हणतो, पण त्यात दोन वेगळे आजार आहेत. भाच्याचं पाणी फुफ्फुसाच्या बाहेर, त्याच्या दुपदरी आवरणात आहे. तिथे एरवीही वंगणापुरतं, दोन-चार चमचे पाणी असतंच. हृदय थकल्यावर जे पाणी होतं ते फुफ्फुसाच्या आत, वायुकोशांत आणि त्यांच्या भिंतींत झिरपतं. ते सहसा दोन्ही बाजूंना, मधोमध पसरलेल्या पंखांसारखं दिसतं. हृदयाची सावली रुंद होते आणि तळाशी कडेला सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरच्या बारीक आडव्या रेघा उमटतात. पीटर कर्ली या आयरिश रेडिओलॉजिस्टने त्या १९३३ मध्ये नोंदवल्या, म्हणून त्यांना कर्लीच्या रेघा म्हणतात. ते पाणी सुईने काढताच येत नाही. तिथे इंजेक्शन, ऑक्सिजन आणि वेळ महत्त्वाचा. अशा माणसाला ४० दिवस काढा पाजणं म्हणजे काय, हे मी लिहीत नाही.

स्वच्छ एक्स-रेचा मुद्दा लगेच निकाली निघतो. उभ्या फिल्मवर तो कोन बोथट व्हायला साधारण २०० मिली पाणी साठावं लागतं. त्याच्या आतलं पाणी श्वासपटलामागे लपतं. पेशंट झोपवून फिल्म काढली तर पाणी पाठीमागे पसरतं आणि नुसता धुरकटपणा दिसतो. सोनोग्राफीत त्याहून कितीतरी कमी पाणी दिसतं, आणि सुई नेमकी कुठे घालायची तेही कळतं. कट खाणारे डॉक्टर नाहीत असं मी म्हणणार नाही, मीही याच गावात राहते. पण छातीच्या पाण्याची सोनोग्राफी हे त्याचं उदाहरण नव्हे.

पाणी कमी पिण्याचं म्हणाल तर प्यायलेलं पाणी पोटात जातं, तिथून छातीत गळत नाही. हृदयाच्या किंवा किडनीच्या पेशंटला डॉक्टर पाणी आणि मीठ मोजून द्यायला सांगतात, तेवढा धागा धरून कुणीतरी हे सगळ्यांना लावलंय. तापातल्या पोराला मावशी दिवसाला चार ग्लास पाणी मोजून देत होती.

आता सुई. जन्मभर काढावं लागतं, हे कशावरून आलं असेल ते मला माहीत आहे. कॅन्सरमुळे झालेलं पाणी खरंच पुन्हा पुन्हा भरतं, आणि शेजारपाजारच्या कुणाचं तरी तसं झालेलं सगळ्यांनी पाहिलेलं असतं. पण ते कॅन्सरमुळे भरतं, सुईमुळे नाही. तपासणीसाठी ५० मिलीच्या आसपास पुरतं. दम लागत असेल तर जास्त काढतात, तरी एका वेळी दीड लिटरच्या वर सहसा जात नाहीत. धोका शून्य नाही. क्वचित फुफ्फुसाला टोचून हवा शिरते, म्हणून तर सोनोग्राफीखाली करायचं. आणि काढायचं कशाला, तर ते पाणी बोलतं. गवती पिवळं, पू, रक्तमिश्रित, दुधासारखं, प्रत्येकाची कथा वेगळी. रिचर्ड लाइट यांनी १९७२ मध्ये निकष दिले. त्यातला एक असा, की पाण्यातलं प्रोटीन रक्तातल्या प्रोटीनच्या निम्म्याहून जास्त असेल तर दोष आवरणातच आहे. कमी असेल तर हृदय, लिव्हर, किडनी तपासा. पन्नास वर्षं झाली, अजून जगभर हेच वापरतात. एक्स-रे पाणी आहे एवढं सांगतो, कसलं आहे ते सुईच सांगते.

आणि आता काढा. मला खरा राग याचाच आहे.

मावशीने तो नऊ दिवस दिला. "आणि कळ थांबली गं त्याची!" थांबणारच. आवरणाचे दोन सुजलेले पदर एकमेकांवर घासतात तेव्हा कळ येते. मधे पाणी साठलं की ते दूर होतात आणि घासणं थांबतं. म्हणजे कळ गेली ती पाणी वाढल्यामुळे. त्याच नऊ दिवसांत तो जिना चढताना धापा टाकायला लागला होता, ते मात्र "अशक्तपणा" म्हणून सोडून दिलं.

घेटुळी मीही खाते. पुनर्नवा म्हणजे तीच, पावसाळ्यात बाजारात येते, भाजी छान होते. काढ्याने लघवी थोडी जास्त होत असेल, त्यावर माझं भांडण नाही. पण अर्धसत्य पुढेच आहे, आणि मन मारून मान्य करते: ४० दिवसांनी पाणी गेल्याचे अनुभव खोटे नसतील. टीबीचं पाणी काढा न घेताही जातं. काही आठवड्यांत, कधी दोन-चार महिन्यांत, आपोआप सुकतं. ताप उतरतो, एक्स-रे सुधारतो, माणूस कामाला लागतो.

पुढे काय होतं, ते रोपर आणि वेअरिंग यांनी १९५५ मध्ये लिहून ठेवलंय. अमेरिकन सैन्यातले १४१ तरुण जवान, सगळ्यांना असंच छातीत पाणी. टीबीची औषधं तेव्हा मिळत नव्हती, उपचार म्हणजे विश्रांती. पाणी ओसरलं. नंतरच्या वर्षांत त्यांतल्या ६५ टक्क्यांना उघड टीबी झाला. शंभरातल्या पासष्टांना. काढ्याने 'बरा' झालेला मुलगा याच रांगेत उभा असतो. फक्त दोन वर्षांनी खोकल्यातून रक्त पडेल तेव्हा कुणाला काढा आठवत नाही, आणि तो मेसेज पाठवणाऱ्यालाही कुणी कळवायला जात नाही.

आपल्याकडे विशी-तिशीतल्या माणसाला एका बाजूला पाणी आणि संध्याकाळचा ताप असेल तर पहिला संशय टीबीचाच घ्यायचा. उपचार सहा महिन्यांचे, सरकारी औषधं फुकट. गोळ्यांनी लिव्हरला त्रास होऊ शकतो, हे खरं. म्हणून उलट्या, डोळे पिवळे, अन्नावरची वासना उडणं यावर लक्ष ठेवायचं आणि तसं काही झालं तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगायचं. गोळ्या घ्यायच्याच नाहीत असा त्याचा अर्थ कुठून निघाला?

दोन दिवस फोनवर घासाघीस झाली. मावसभाऊ मधे पडला तेव्हा टॅपिंग, म्हणजे सुईने पाणी काढणं, झालं. पाणी गवती पिवळं, पेशी जवळपास सगळ्या लिंफोसाइट (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार), आणि एडीए, म्हणजे त्या पाण्यात मोजतात ते एक एन्झाइम, ६८. चाळीसच्या वर गेला की टीबीकडे बोट जातं. गोळ्या सुरू झाल्या.

तिसऱ्या दिवशी पुन्हा सकाळी सातच्या आत फोन. "लघवी नारिंगी झाली गं त्याची! गेलं ना लिव्हर?" मी म्हटलं, रिफाम्पिसिन या टीबीच्या औषधाचा रंग आहे तो, घामाला आणि डोळ्यांतल्या पाण्यालाही येतो. गोळीचा रंग बाहेर पडतोय, चालू दे. डोळ्यांचा पांढरा भाग बघ, तो पांढराच आहे ना? फोन तसाच ठेवून ती बघायला गेली. मागून त्याचा वैतागलेला आवाज आला, "आजी, लाइट तरी लाव."