नऊ तोळ्यांची जबाबदारी

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, कवळ्यातल्या आमच्या घराची कौले कुठे कुठे सरकली आहेत याची पहिली तपासणी पावसाने उरकली, त्याच दिवशी परसातल्या लाकडांच्या खोपीतून एक बारीक, चिरका आवाज येऊ लागला. बिजागरी कुरकुरत असावी असे समजून मी खोपीच्या दाराला दोनदा खोबरेल घातले. तिसऱ्यांदा तेल मागायला गेलो तेव्हा आई म्हणाली, “बिजागरी रडत नसते. ते मांजराचे पिल्लू आहे. आणि तेल संपले.”

29 वर्षे शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेल्या माणसाला मांजर हा विषय नवा नव्हता. ‘माझा आवडता प्राणी’ या विषयावरचे शेकडो निबंध मी तपासले होते आणि त्यातल्या निम्म्यांत तरी मांजर दूध पीत होते व उंदीर पकडत होते. परंतु डोळे मिटलेले, कान डोक्याला चिकटलेले आणि बेंबीपाशी नाळेचा वाळका दोरा लोंबणारे पिल्लू त्या अवस्थेपर्यंत पोहोचते कसे, हे एकाही विद्यार्थ्याने लिहिले नव्हते, आणि तरीही मी सर्वांना गुण दिले होते.

जनावरांचे डॉक्टर माझेच जुने विद्यार्थी निघाले. त्यांनी फोनवर सांगितले, “सर, लगेच उचलू नका. आई एकेक पिल्लू हलवत असेल, तर ती परत येईल. लांबून पाहा.” मांजरी आपल्या पिलांना सात घरे दाखवते असे आपण म्हणतो, आमचे घर त्यांतले कितवे हे ठाऊक नसल्यामुळे मी विहिरीमागे छत्री उघडून तीन तास उभा राहिलो. शेवटी मासळीवालीने बातमी आणली की तिच्या पाटीमागून रोज फिरणारी तीनरंगी मांजरी आदल्या संध्याकाळी ढवळीच्या रस्त्यावर गाडीखाली गेली. पिल्लूही तीनरंगीच होते. मी छत्री मिटली.

डॉक्टरांचा पुढचा आदेश असा होता की आधी ऊब, मग दूध. गारठलेल्या पिलाच्या पोटात दूध घातले तर ते पचत नाही, उलट जिवावर बेतते. अशा पिलाला पहिल्या आठवड्यात तीसेक अंशांची ऊब लागते, कारण स्वतःचे अंग गरम ठेवण्याची विद्या त्याला अजून आलेली नसते. आमच्याकडे गरम पाण्याची रबरी पिशवी नव्हती. होती ती फेणीची रिकामी बाटली. आमच्या घरी फेणी केवळ गुडघ्यांना चोळण्यासाठी आणली जाते, हे वाक्य गोव्यात पुष्कळ घरांतून ऐकू येते; आमच्या बाबतीत ते खरे आहे. त्या बाटलीत सोसवेल इतके गरम पाणी भरून, तिला जुना पंचा गुंडाळून, ती चपलांच्या खोक्यात एका अंगाला ठेवायची आणि दुसरे अंग मोकळे सोडायचे, म्हणजे पिलाला उकडल्यास सरकता येते, अशी व्यवस्था झाली. पाणी दर दोन तासांनी बदलावे लागे, आणि दूधही दर दोन तासांनीच.

दूध किती द्यायचे हे वजनावर ठरते. ग्रॅमचा हिशेब ठेवणारा काटा आमच्या घरात नव्हता, म्हणून मी पिलाला रुमालात घेऊन फोंड्याच्या बाजारात आमच्या नेहमीच्या सोनाराकडे गेलो. त्याने काचेच्या पेटीतला काटा शून्यावर आणला, रुमालाचे वजन वजा केले आणि गंभीरपणे म्हणाला, “90 ग्रॅम. मास्तर, नऊ तोळे झाले. मोड आहे की गहाण?” मग पारड्याकडे पाहून त्याला शंका आली, की हे काट्यावरच काही करून तर बसणार नाही ना. मी त्याला अधिकारवाणीने सांगितले की या वयाचे पिल्लू माझ्या मदतीशिवाय काहीही करू शकत नाही. हे विधान शब्दशः खरे होते, पण त्याचा खुलासा मी दुकानात केला नाही. आईच्या मते पिल्लू पावणेआठ तोळ्यांचेच होते, कारण तिचा तोळा अजून जुना, 11.66 ग्रॅमचा आहे. त्या दिवसापासून पिलाचे नाव तोळाबाई पडले.

आता तो खुलासा. मांजरी पिलांना पाजून झाल्यावर त्यांच्या शेपटीखाली चाटते आणि त्या चाटण्यानेच त्यांचे शी-शू होते. पहिले तीन आठवडे तरी त्यांना ते आपले आपण जमत नाही. डॉक्टरांनी मला यासाठी कोमट पाण्यात भिजवून पिळलेला कापूस सुचवला, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. तर्जनीवर कापूस गुंडाळून हलके हलके टेकवत राहायचे; अर्धे मिनिट काहीच होत नाही, मग तोळाबाईचे मागचे पाय ताठ होतात, चेहऱ्यावर एखाद्या सभाध्यक्षाचे गांभीर्य येते आणि कापूस पिवळा होतो. पहिल्यांदा तो पिवळा झाला तेव्हा मी रात्री दोन वाजता बायकोला उठवून दाखवला. तिने तो पाहिला, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, “अहो, आपल्या दोन्ही मुलांच्या वेळी तुम्ही कुठे होतात?”

दूध पाजण्यावरून घरात वेगळेच रण माजले. गायीच्या दुधावर अख्खा गाव वाढला, तर हे नऊ तोळे का वाढणार नाहीत, असा आईचा सवाल होता. त्या दुधातली प्रथिने आणि स्निग्धांश पिलाला पुरत नाहीत, वर हगवण लागते, आणि इतक्याशा जिवाला एक हगवण पुरेशी होते, हे तिला पटवेपर्यंत मी कदंबच्या बसने पणजीला जाऊन मांजराच्या पिलांसाठीच्या दुधाच्या भुकटीचा डबा घेऊन आलो. दुसरा वाद मांडीचा. आई पिलाला तान्ह्या बाळासारखे उताणे घेऊ पाहत होती, पण उताण्या पिलाचे दूध फुप्फुसात जाते. त्याला पोटावरच ठेवून, डोके किंचित वर धरून, सुई काढलेल्या सिरिंजने थेंब थेंब द्यावे लागते. एका वेळी दोन-अडीच मिलिलिटर. डोळे मिटून दूध पिण्याचा आरोप ज्या जातीवर पिढ्यान्पिढ्या झाला आहे, तिला सुरुवातीचे आठ-दहा दिवस दुसरा मार्गच नसतो, हे मला त्या रात्रींत कळले. ती पिताना पुढच्या पंजांनी माझे बोट आळीपाळीने दाबत असे आणि कान प्रत्येक घोटाबरोबर हलत.

वजन रोज एक-दीड तोळ्याने वाढायला हवे होते आणि तसे ते वाढतही होते. पाचव्या रात्री वीज गेली. मी खाटेवर टेकलो आणि दोन तासांचे चार तास झाले. जागा झालो तेव्हा बाटली गार होती आणि खोक्यातून आवाज येत नव्हता. चिमणीच्या उजेडात तिच्या तोंडात करंगळीचे टोक घातले, तर आतून तोंडही थंड. दुधाकडे गेलेला हात मी मागे घेतला, तिला बनियनच्या आत पोटावर धरले आणि एका हाताने चूल पेटवून पाणी तापवायला ठेवले. तब्बल तासाभराने पोटावर नखे रुतली. इतक्या आनंदाने मी कोणाचे ओरखडे सोसलेले नाहीत.

पाणी भरून मी बाटली पुसत पुढच्या सोप्यावर आलो तेव्हा उजाडत होते. त्याच वेळी पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलचा भोंपू वाजवत आला आणि पाव घ्यायला शेजारच्या मावशीही फाटकाशी आल्या. त्यांनी जे पाहिले ते असे: सहा फेब्रुवाऱ्या शाळेत व्यसनमुक्तीवर भाषणे केलेला मास्तर, केस विस्कटलेले, डोळे लाल, बनियन दुधाने डागाळलेले, हातात फेणीची बाटली, आणि तो स्वतःच्या पोटाशी लाडाने बोलत आहे. मावशींनी फक्त विचारले, “मास्तर, बरें आसा मूं?” पोदेराने न मागता दोन पाव जास्त ठेवले. त्या सकाळी काट्यावर चार ग्रॅम कमी भरले आणि सोनार म्हणाला, “घट आली.”

दुसऱ्या दिवशी आईने खोक्यापाशी कोरा कागद आणि पेन ठेवले. ही सटीची रात्र होती. सटवी येऊन कपाळी काय ते लिहून जाते. घट भरून काढायची असेल तर आजच मागून घ्यावे, असे तिचे म्हणणे होते. मी त्या कागदावर रात्रीच्या दुधाच्या वेळा मांडल्या. सकाळी आईने तो वाचला आणि सटवीचे अक्षर आपल्या मुलासारखेच किरटे आहे, असा शेरा मारला.

याच सुमारास वाचनालयाच्या कार्यकारिणीची सभा आली. दोन तासांचा नेम मोडू नये म्हणून तोळाबाई कापडी पिशवीतून सभेला आली. एका दिवंगत सभासदाला श्रद्धांजली वाहण्यासाठी आम्ही सर्व उभे राहिलो, सभागृह निःशब्द झाले, आणि माझ्या काखेतून बिजागरी कुरकुरली. दोन मिनिटे ती कुरकुरतच राहिली. सभा संपल्यावर अध्यक्षांनी माझा हात हातात घेतला आणि दिवंगतांशी माझा इतका जिव्हाळा होता हे त्यांना माहीत नव्हते असे सांगितले. मी गप्प बसलो. त्या गृहस्थांनी वाचनालयाची तीन पुस्तके कधीच परत केली नाहीत, हे त्या क्षणी बोलणे बरे दिसले नसते.

दहाव्या दिवशी डोळे उघडू लागले. आधी उजव्याची फट, संध्याकाळपर्यंत डावाही, दोन्ही धुरकट निळे. आणखी काही दिवसांनी त्या डोळ्यांना मी नीट दिसलो असावा, कारण तिने पाठीची कमान केली आणि माझ्यावर फिस्कारली.

पुढचे सांगण्यासारखे थोडेच आहे. चौथ्या आठवड्यात ती बशीतून खाऊ लागली, वाळूच्या घमेल्यात जाऊ लागली आणि माझा कापूस सुटला. आता ती दुपारी शेजारच्या मावशींकडे बांगड्याची डोकी खायला जाते. तिथे माझ्या तब्येतीची चौकशी अजून होते.

आठव्या आठवड्यात सोनाराने हात जोडले. त्याचा काटा 600 ग्रॅमपर्यंतच जातो, शिवाय ती आता काचेच्या पेटीत शिरून झोपते आणि गिऱ्हाईक खोळंबते. मग मी तिला बाजारातल्या भाजीवालीच्या काट्यावर ठेवले. तिच्यासमोर जुवे गावचे सात शिरांचे भेंडे लांबलचक पसरले होते. आकडा 910 वर थांबला. भाजीवालीने तो पाहिला आणि किलो भरायला हवा म्हणून, सवयीनेच, तोळाबाईच्या शेजारी दोन भेंडे वाढवले.