दादाची सीडी आणि ओलिया लियालिना

गेल्या चवथीला माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळापानांची चौकट, बांधून झाली, कांगलां-आंबाडे-सुपारीचे घोस टांगून झाले, आणि दादाने कपाटातून एक जुनी सीडी काढली. २००१ साली गल्फमध्ये असताना त्याने आमच्या वाड्याची वेबसाइट केली होती. मागे चांदण्यांचं आकाश, पिवळी अक्षरं, शिगम्याचे चार फोटो, खाली गेस्टबुक. परदेशात असलेले गावचे लोक तिथे लिहायचे. ती वेबसाइट ज्या फुकटच्या सेवेवर होती, ती सेवा पुढे बंद पडली. फोटो सीडीवर राहिले, लोकांनी लिहिलेलं मात्र सगळं गेलं.

त्या दिवसापासून मला ओलिया लियालिना या इंटरनेटवर कला करणाऱ्या बाईबद्दल लिहायचं होतं.

ती मॉस्कोची, जन्म १९७१चा. पत्रकारिता शिकलेली, सिनेमावर लिहिणारी. १९९६ मध्ये तिने ‘माय बॉयफ्रेंड केम बॅक फ्रॉम द वॉर’ ही कलाकृती थेट ब्राउझरसाठी केली. युद्धावरून परतलेला तो आणि वाट पाहणारी ती. आपण क्लिक करत जातो तशी खिडकी दुभंगत जाते, चौकटी लहान होत जातात, बोलणं तुटत जातं. इंटरनेट कलेच्या इतिहासात तिचं नाव याच कामामुळे पहिल्या पानावर आहे.

पण माझ्या मते तिचं मोठं काम पुढचं आहे. चांदण्यांची पार्श्वभूमी, हलणारी चित्रं, ‘काम चालू आहे’च्या पाट्या यांना जाणकार डिझायनर नाकं मुरडत होते, तेव्हा तिने ही सामान्य माणसांची संस्कृती म्हणून अभ्यासली, त्यावर २००५ मध्ये निबंध लिहिला. ऑक्टोबर २००९ मध्ये जिओसिटीज, म्हणजे लोकांना फुकट वेबसाइट करू देणारी सेवा, बंद झालं. स्वयंसेवकांनी धावपळ करून जी पानं वाचवली, ती तिने आणि तिचा सहकारी ड्रागान एस्पेनशीड याने उतरवून घेतली. २०१३ पासून ती पानं जुन्या ब्राउझरमध्ये दिसायची तशी एकेक करून लोकांसमोर येऊ लागली. नुसती फाइल नाही, दिसणंही जपलं. हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

माटोळी विसर्जनानंतर उतरवतात, त्याचं दुःख होत नाही. पुढच्या वर्षी काय कुठे बांधायचं ते घरातल्या हातांना ठाऊक असतं. दादाचं पान पुन्हा बांधणारे हात कुठे आहेत?

तिचं ‘समर’ (म्हणजे उन्हाळा, २०१३) तर पावसाळ्यात, वीज ये-जा करत असताना पाहावं. ब्राउझरच्या वरच्या कडेला टांगलेल्या झोपाळ्यावर ती स्वतः झोके घेते. झोक्याच्या हालचालीचं प्रत्येक चित्र वेगळ्या वेबसाइटवर ठेवलेलं, त्यामुळे नेट मंदावलं की झोका मंदावतो. तो हलता राहावा म्हणून कितीजणांनी आपापल्या सर्व्हरवर जागा धरून ठेवायची!

डिसेंबरात पणजीला सेरेंडिपिटी कला महोत्सव असतो, मी आवर्जून जाते. तिथे मोठे पडदे पाहताना वाटतं, आल्तिनोच्या कला महाविद्यालयातल्या मुलांना हे साधं, छोटं कामही कुणीतरी बसवून दाखवावं. आणि ज्यांच्या घरी जुन्या सीडी, फ्लॉपी आहेत त्यांनी कृपा करून टाकू नका, मला मेसेज करा. मी येऊन कॉपी करून घेईन.

दादाच्या सीडीवर चौथं पान अर्धवटच होतं. नुसती एक पाटी आणि फावडं मारणारा इवलासा माणूस. दादा बराच वेळ बघत बसला. मग म्हणाला, “हो अजून खणटाच गो.”