खोबरेल, बूट पॉलिश आणि गाडीची लेदर सीट

गोव्यातल्या व्हॉट्सॲप गटांवर एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरतो: जुन्या गाडीची लेदर सीट घरच्या घरी नवी करा, आधी थिनरने पुसा, मग खोबरेल चोळा म्हणजे चामडं तेल पिऊन मऊ होईल, वर काळं बूट पॉलिश मारा, चिरांत झटपट चिकटणारा गोंद भरा आणि दिवसभर उन्हात ठेवा. सीट घरी दुरुस्त होते, रंगही घरी देता येतो, एवढं त्यात खरं आहे. बाकीची कृती चांगल्या सीटची वाट लावणारी आहे.

सगळ्यात जास्त पटणारा दावा तेलाचा, आणि नुकसानही त्यानेच सुरू होतं. आजच्या गाड्यांतल्या बहुतेक लेदरवर कारखान्यातच रंगाचा थर आणि त्यावर पॉलियुरेथेनचा पारदर्शक थर चढवलेला असतो. मऊपणासाठी लागणारी तेलं चामडं कमावतानाच मुरवतात. चालकाच्या सीटची दाराकडची उंच कड पाहा. चढता-उतरता तीच घासली जाते. भिंगातून पाहिलं तर भेगा वरच्या थराला गेलेल्या दिसतात आणि त्यांच्या आत फिकट, लवदार तंतू. म्हणजे गेलाय तो रंग. सीटवर पाण्याचा थेंब टाका. तो तसाच बसून राहिला, तर खोबरेलही आत जाणार नाही, वर चिकट थर होऊन बसेल. भेगांतून जे थोडं झिरपेल ते पुढे नवा रंग धरू देणार नाही. शिवाय आपल्याकडे जून ते सप्टेंबर बंद गाडीत बुरशी धरायला वेळ लागत नाही. तेल आणि मळ साचलेली सीट तिला आयतंच खाद्य.

आणखी एक गोष्ट विकणारे सहसा सांगत नाहीत. 'लेदर सीट' म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक गाड्यांत चामडं फक्त बसण्या-टेकण्याच्या भागाला असतं, बाजू आणि पाठ रेक्झिनची. रेक्झिन म्हणजे प्लास्टिक. ते तेल कुठून पिणार?

थिनरने पुसल्यावर फडकं काळं होतं आणि लोकांना वाटतं, केवढा मळ निघाला! तो सीटचा रंग असतो. थिनर आणि नेलपॉलिश रिमूव्हर वरचा थर विरघळवतात. धुण्याचा सोडाही नको. चामडं किंचित आम्लधर्मी असतं आणि सोडा त्याच्या उलट. लेदर क्लीनरचा फेस मऊ ब्रशने फिरवा, ओल्या फडक्याने टिपून घ्या, बस्स.

बूट पॉलिशमध्ये मेण, रंग आणि द्रावक असतं. बुटावर कोणी बसत नाही, म्हणून तिथे ते चालतं. सीटवर अंगाची ऊब, घाम आणि समुद्रावरून ओल्या कपड्यांनी येऊन बसणारी माणसं, यांपुढे ते टिकत नाही. पॉलिश मारलेल्या सीटवर ओलसर पांढरा रुमाल घासून पाहा, पुरावा रुमालावरच मिळेल. त्याहून वाईट म्हणजे हे मेण पुरतं काढल्याशिवाय खरा रंग त्यावर धरत नाही.

गोंद सुकून काचेसारखा कडक होतो आणि बसल्यावर बाजूलाच नवी चीर पाडतो. सीटच्या कडेला एअरबॅगची खूण असेल तर त्या शिवणीला गोंद किंवा दोरा अजिबात लावू नका. अपघातात ती शिवण उसवूनच एअरबॅग बाहेर येते. इथे प्रश्न जिवाचा आहे.

उन्हात वाळवण्याची तर गरजच नाही. सावली, उघडी दारं, पंखा पुरे.

मग करायचं काय? सीट स्वच्छ झाल्यावर रंगवायचा भाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने हलकाच पुसून तेलकटपणा काढा. बारीक पॉलिश पेपरने, सहाशे ते हजार नंबरच्या, खरखरीत कडा सपाट करा. भेगांत लेदरसाठीच मिळणारी लवचीक लांबी (फिलर) पातळ थरांत भरा, प्रत्येक थर वाळू द्या. मग पाण्यावर आधारलेला लेदरचा रंग स्पंजने टिपत लावा. जाड एक हात देण्यापेक्षा पातळ चार बरे, कारण जाड थर घडीवर तडकतो. सीटला बारीक भोकं असतील तर रंगाने ती बुजतात, तिथे स्पंज जवळजवळ कोरडाच ठेवा. शेवटी संरक्षक पारदर्शक थर. तो नसेल तर रंग कपड्यांना लागतो.

हे काम पावसाळ्यात काढू नका. दमट हवेत थर ओलसर राहतो आणि त्यावर दुसरा चढवला की चिकटपणा जात नाही. दिवाळीनंतरची कोरडी हवा उत्तम. आणि छटा जुळते का ते आधी सीटखालच्या झाकल्या भागावर लावून, पूर्ण वाळल्यावर, दिवसाउजेडी पाहा. ओला आणि वाळलेला रंग सारखा दिसत नाही.