दोन तारे दिलेल्या ग्राहकांस, विश्रामबागेतल्या मेडिकलकडून

नमस्कार साहेब. "साध्या गोळ्या मागवायला किती वेळ! आकडा एकेक करून बोलतात, मग तेच व्हॉट्सॲपवर लिहून पाठवतात. बहिऱ्यांसाठी वेगळा नंबर ठेवा, आम्हाला कशाला त्रास," असं तुम्ही लिहिलंत. वेळ लागतो, कबूल. पण पद्धत बदलणार नाही, कारण सांगतो.

आमच्याकडे फोनवर औषधं मागवणारे बरेचसे ज्येष्ठ. मुलं पुण्याला, घरी दोघंच. वयानुसार कानातून आधी उंच पट्टीचे बारीक आवाज जातात. त्यात साधी टेलिफोन लाइन 300 ते 3400 हर्ट्झ एवढाच आवाज पुढे नेते. ‘स’चा बराचसा जोर त्याच्याही वर असतो, तो वाटेतच गळतो. मग ‘साठ गोळ्या’च्या ‘आठ गोळ्या’ व्हायला कितीसा उशीर? ओरडूनही भागत नाही. ओरडलं की ‘आ’ मोठा होतो, ‘स’ होता तिथेच राहतो. म्हणून आमच्या दुकानातली मुलं ‘साठ, सहा-शून्य’ म्हणतात.

वेगळा नंबर ठेवला तर तो लावणार कोण? 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात दोन्ही कानांची श्रवणहानी 60 डेसिबलपासून पुढे धरतात. आमचे बहुतेक आजोबा त्याच्या अलीकडचे. दिव्यांगाचा दाखला नाही, कानाचं मशीन डबीत, आणि "मला कमी ऐकू येतं" असं आपणहून सांगणारा सांगलीकर मला अजून भेटायचाय. "हो हो" म्हणतात नि फोन ठेवतात. औषधाच्या दुकानाला ते "हो हो" परवडत नाही. पलीकडच्याला किती ऐकू येतंय ते फोनवर कळत नाही, म्हणून सगळ्यांना एकच रीत.

‘अमुकसाठी एक दाबा’वालं यंत्र याचसाठी काढून टाकलं. फोनही फ्रिजच्या घरघरीपासून लांब, आतल्या खोलीत नेला. ओठ बघून समजून घेणाऱ्यांचे व्हिडिओ कॉल घेतो.

तुमच्यापुरतं सांगायचं तर "घाई आहे, लिहून नको" म्हणा, मेसेज येणार नाही. गोळीचं नाव, पॉवर आणि संख्या मात्र परत म्हणून घेणारच. त्यापेक्षा डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटोच टाका. शेड्यूल एचच्या, म्हणजे डॉक्टरांनी लिहून दिल्यावरच विकायच्या, औषधांना चिठ्ठी लागतेच, म्हणजे बोलणंही वाचेल. संध्याकाळी सातच्या आत आला तर त्याच दिवशी घरपोच.