पोरगं तिकडं आहे, हे लपवू नका

आमच्या पै-पाहुण्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर महिन्याभरात एकच मेसेज मला चार जणांनी पाठवला. अमेरिकेच्या व्हिजिटर व्हिसाच्या मुलाखतीसाठी त्यात पाच सल्ले आहेत. मुलगा-मुलगी तिथं आहे हे सांगू नका, खात्यात किमान वीस लाख दाखवा, उत्तरं इंग्रजीत पाठ करा, कागदांची मोठी फाइल न्या आणि एकदा नकार आला की पाच वर्षं दार बंद. आमच्या कोल्हापुरात राजारामपुरीपासून कळंब्यापर्यंत कितीतरी घरांतली पोरं तिकडं आहेत आणि त्यांचे आई-वडील हा मेसेज खरा मानून तयारी करताहेत. म्हणून हे लिहितोय.

पहिला सल्ला सगळ्यात घातक. मुलगा तिथं आहे म्हटलं की आई-वडील तिथंच राहतील असा संशय येतो, म्हणून गप्प बसा, असं त्यात म्हटलंय. पण व्हिसाच्या डीएस-१६० फॉर्ममध्ये हा प्रश्न सरळ विचारलेला असतो: तुमचं जवळचं कुणी अमेरिकेत आहे का, असेल तर कोण आणि कुठल्या दर्जावर, म्हणजे नागरिक, ग्रीन कार्डवर की व्हिसावर. म्हणजे लपवायचं तर लेखी खोटं लिहावं लागतं. आणि जाणूनबुजून महत्त्वाची माहिती खोटी दिल्याचं ठरलं, तर अमेरिकी कायद्यानं माणूस कायमचा अपात्र ठरू शकतो. साधा नकार त्यापुढं काहीच नाही.

माझ्या आत्तीचं असंच झालं. तिचा फॉर्म एका एजंटानं भरला आणि नातेवाइकांच्या प्रश्नाला ‘नाही’ लिहून टाकलं. तिला ते ठाऊकच नव्हतं. मुलाखतीच्या खिडकीवर विचारलं, कुणाकडं राहणार? ती म्हणाली, पोराकडं. तिथंच गाडी अडली. बचत गटाचा रुपया न रुपया लिहून ठेवणारी ही बाई, घरी येऊन दोन दिवस जेवली नाही. ‘मी खोटं बोलले असं वाटलं असेल त्यांना,’ एवढंच म्हणत होती. एजंटानं भरला तरी फॉर्मवरची सही अर्जदाराचीच धरतात, आणि भरायला कुणी मदत केली हेसुद्धा फॉर्म विचारतो.

आता वीस लाख. अशी कुठलीही रक्कम नियमात नाही. बहुतेक नकार ज्या कलमाखाली येतात ते २१४(बी), १९५२ च्या इमिग्रेशन कायद्यातलं. त्याचा अर्थ असा की तुम्ही तिथं राहायलाच निघालाय असं अधिकाऱ्यानं आधी धरून चालायचं आणि तसं नाही हे तुम्ही पटवून द्यायचं. परत यायला तुम्हाला काय बांधून ठेवतंय, हा खरा प्रश्न. ऊस, म्हशी, दुकान, पेन्शन, घरातली म्हातारी सासू, इथं शिकणारी धाकटी लेक, हीच तुमची उत्तरं. पाहुण्यांकडून उसने घेऊन मुलाखतीच्या आठवड्यात खात्यात भरलेले पैसे उलट शंका वाढवतात. खर्च मुलगा करणार असेल तर तसंच सांगा. त्याचं निमंत्रणपत्र आणलंच पाहिजे असंही नाही.

इंग्रजीचं तर मनातून काढूनच टाका. मुंबईच्या कॉन्सुलेटमध्ये मराठीत मुलाखत देता येते. पाठ केलेलं वाक्य मधेच विसरलं की माणूस गडबडतो, आणि खरं बोलणारासुद्धा खोटा वाटायला लागतो.

फाइल न्यायला हरकत नाही, पण बहुतेक वेळा ती उघडलीही जात नाही. सगळं दोन-तीन मिनिटांत आटोपतं. पासपोर्ट, फॉर्मचं कन्फर्मेशन पान आणि अपॉइंटमेंटचा कागद वर ठेवा. महालक्ष्मी एक्सप्रेसनं उतरून थेट बीकेसीतलं, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलातलं कॉन्सुलेट गाठणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, मोबाइल आणि मोठी बॅग आत नेऊ देत नाहीत. बोटांचे ठसे बहुधा आदल्या दिवशी वेगळ्या ठिकाणी घेतात, म्हणून एक मुक्काम धरूनच निघा.

पाच वर्षांची बंदीही खोटी. २१४(बी) खाली नकार आला तर अपील नाही, पण पुन्हा अर्ज करता येतो. फी मात्र नव्यानं भरायची, १८५ डॉलर, आणि ती परत मिळत नाही. त्यामुळं काहीच बदललेलं नसताना लगेच अर्ज करू नये. पूर्वी नकार आला होता का, या प्रश्नाला ‘हो’ लिहा.

आत्तीनं पुढच्या वर्षी तसंच लिहिलं. प्रत्येक प्रश्न मी मराठीत वाचला, तिनं सांगितलं, मग भरला. मुलाखतीत ती म्हणाली, नातू बघायला चाललेय, ऊस तुटायच्या आत परत येणार, म्हशी जावेकडं ठेवल्यात. तिला व्हिसा मिळाला. खरं बोललं की मिळतोच असं मी म्हणत नाही; निर्णय त्या अधिकाऱ्याचा असतो.

ज्यांचा फॉर्म दुसऱ्यानं भरलाय त्यांनी आजच पूर्ण प्रिंट मागून घ्या आणि पोरांना फोनवर घेऊन ओळ न ओळ वाचा. चूक निघाली तर नवा फॉर्म भरता येतो. फक्त त्याचा नवा नंबर अपॉइंटमेंटच्या नोंदीत मुलाखतीच्या पुरेसा आधी बदलून घ्या.